डबी तुझ्या कपाटात आहे, छोटे

छोटे, तुझा मेसेज दोनदा वाचला. गांजा बारीक करायच्या क्रशरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जी पिवळट भुकटी साचते ती गांजा धरतात का, ती फेकायची की वापरायची, आणि आईला सांगू नको. आईला सांगत नाही, त्याची काळजी करू नको. वापरायची की फेकायची यावर बोलू. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी घे, कारण तेच तुला माहीत नाही आणि तुझ्या त्या मित्रालाही नाही. ती भुकटी कायद्यात गांजा नाही. ती चरस आहे.

मला ठाऊक आहे, तू म्हणशील, काहीही काय ताई, चरस म्हणजे ती काळी गोळी, सिनेमात असते ती. अगं, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातली व्याख्या काढून बघ. १९८५ चा कायदा, कलम २. झाडापासून वेगळी केलेली राळ, कुठल्याही रूपात, कच्ची असो की शुद्ध केलेली, ती चरस. गोळी केली की नाही, काळी आहे की पिवळी, हाताने चोळून काढली की जाळीतून आपोआप गळली, याच्याशी कायद्याला घेणं-देणं नाही. 'वेगळी केलेली' आणि 'कुठल्याही रूपात', एवढे शब्द पुरेसे आहेत. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. तुमच्या क्रशरच्या वरच्या कप्प्यात गांजा असतो आणि खाली जाळीतून उतरला की तोच माल दुसऱ्या उपकलमात जातो. वजन कमी, दर्जा वरचा.

हे असं का, ते समजून घे म्हणजे रट्टा मारावा लागणार नाही. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक केसासारख्या ग्रंथी असतात, टोकाला चिकट थेंब. साध्या डोळ्याने दवासारखं चमकतं. नशेचं जे रसायन आहे, टीएचसी, ते मुख्यतः त्या थेंबांत असतं. पान, देठ, काड्या, बी हे सगळं त्या मानाने रिकामं. वाळल्यावर या ग्रंथी ठिसूळ होऊन गळतात, म्हणून त्या खाली बसतात. म्हणजे खाली साचते ती मळी नाही, सगळ्या झाडाचं सार तिथे जमतं. फुलोऱ्यात टीएचसी जेवढं असतं त्याच्या दोन-तीन पट, कधी त्याहूनही जास्त, या भुकटीत निघतं. तुमच्या ग्रुपमध्ये तिला 'बोनस' म्हणतात असं तू लिहिलंस. बोनस कोणाला आणि कापून कोणाच्या पगारातून घेतात, ते पुढे सांगते.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही बरं. क्रशर नवं आहे, भुकटी जुनी. आपलं नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा गांजा सरकारमान्य होता. खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली पिकायचा आणि ठेका घेतलेल्या दुकानांत विकला जायचा. १८९३ मध्ये इंग्रजांनी यावर एक आयोग नेमला, मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. अकराशेच्या वर साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. त्यात बंगालच्या गांजाचे प्रकार आहेत: चपटा, गोल आणि चूर. चूर म्हणजे हाताळताना, बांधताना गळून पडलेला तो चुरा. यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात यायची ती चरस तर चाळूनच काढलेली असायची. झाडं वाळवून, चुरून, चाळून, भुकटी चामड्याच्या पिशव्यांत भरून घोड्यांवर लादायची. त्या आयोगाने निष्कर्ष काय काढला? की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदी घालू नये. तुझा मित्र हे कधीतरी तुला ऐकवील, म्हणून मीच आधी सांगून टाकते. तो ऐकवेल ते खरंच असेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल घेऊन आज जामीन मिळत नाही.

मला कळतं गं, तुमचा वैताग कशावर आहे. घरात मामा खर्रा घोटून घोटून खातात, त्यावरही राज्यात बंदी आहे आणि पानठेल्यावर तो डोळ्यांदेखत घोटला जातो. महादेवाच्या यात्रेला आपली निम्मी गल्ली पचमढीला जाते, तिथे साधूबाबाच्या चिलमीसमोर हेच लोक हात जोडतात. शिवरात्रीला भांगेची थंडाई झाली की आजी हसते. या सगळ्यात तुम्हाला ढोंग दिसतं, आणि ते आहेच. तरी भांगेचं एक समजून घे. केंद्राच्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पानं आणि बी वगळलं, म्हणून नुसत्या पानांची भांग एनडीपीएसमध्ये येत नाही. बाकी राज्यांवर सोडलं. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारी ठेक्याची दुकानं आहेत. आपल्याकडे दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा, आणि त्यात परवान्याशिवाय भांगही चालत नाही. त्यामुळे 'बनारसमध्ये तर दुकानात मिळते' हे वाक्य बनारसमध्येच म्हणायचं. या पान आणि शेंड्याच्या फरकावर आपल्या सिव्हिल लाइन्सच्या खंडपीठात जामीन मिळालेला आहे, पोत्यात पानं किती आणि फुलं किती हे वेगळं केलं नव्हतं म्हणून. तुझ्या डबीतल्या भुकटीला तो मुद्दा लागू नाही. चाळलेल्या भुकटीत वेगळं करायला पान उरतच नाही.

आता आकडे. गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत, 'व्यापारी प्रमाण' २० किलोच्या वर. चरसचं अल्प प्रमाण १०० ग्रॅमपर्यंत, व्यापारी १ किलोच्या वर. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंड एक ते दोन लाख. नुसतं सेवन केलं, जवळ काही सापडलं नाही, तरी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत. तू म्हणशील, माझ्याकडे चार-पाच ग्रॅम असेल, मी कुठे १०० ग्रॅमवर जाते. बरोबर. पण 'अल्प प्रमाण आहे, जामीन तर लगेच होतो' असं जे मुलं एकमेकांना सांगत असतात त्यावर विसंबू नको. २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या जामिनाचा निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, प्रमाण कितीही असो. जामीन मिळतो, पण तो कोर्टाकडून मागून घ्यावा लागतो, ठाण्यातून हक्काने मिळत नाही. मधल्या रात्री कोण काय विचारतं, वर्तमानपत्रात नावासह छापून येतं का, कॉलेजला कळवतात का, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नसतं.

आणि एक, तू जे तुपात मिसळून केकमध्ये घालायचं म्हणून राहिली ना, ते तर डोक्यातून काढूनच टाक. का ते नीट ऐक. कायद्यात 'मिश्रण' नावाचा तिसरा प्रकार आहे. २०२० च्याच एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात ठरवलं की वजन मोजताना शुद्ध अमली पदार्थाचं नाही, मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं, त्यातला निरुपद्रवी भागही. आता हिशेब कर. चार ग्रॅम भुकटी घातलेल्या केकचं वजन किती भरेल? मैदा, लोणी, साखर सगळं मिळून अर्धा-पाऊण किलो सहज. दोन टिन भाजले तर किलोच्या वर. केकमधल्या लोण्याला 'निरुपद्रवी भाग' म्हणायचं की नाही यावर वकील भांडतात, मीही भांडेन, पण ते भांडण व्हायचं तेव्हा होईल, तोवर फिर्यादीवर अख्ख्या केकचं वजन लिहिलेलं असेल. २०२१ मध्ये मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीने छापा घातला तेव्हा ब्राउनीच जप्त केल्या होत्या.

हे झालं कोर्टाचं. पोटात गेल्यावर काय होतं तेही माहीत असू दे, कारण केकवाल्यांची दवाखान्यातली गोष्ट नेहमी सारखी असते. ओढल्यावर काही मिनिटांत चढतं, त्यामुळे माणूस थांबतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच कळत नाही. मग 'काही झालंच नाही' म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो. नंतर दोन्ही एकदम येतात. यकृतात टीएचसीचं रूपांतर होऊन जे रसायन तयार होतं ते आणखी जोरकस असतं, आणि सहा-आठ तास, कधी बारा तास उतरत नाही. छाती धडधडते, आपण मरतोय असं ठामपणे वाटतं, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं. बहुतेक जणांचं दुसऱ्या दिवशी निवळतं. सगळ्यांचं नाही. आपल्या घरात मोठ्या काकांचं काय झालं होतं ते तुला पूर्ण माहीत नाही, तेव्हा तू लहान होतीस. मी एवढंच सांगते की ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कुणाला भ्रम-भास झाले असतील त्यांनी या वाटेला जाऊच नये. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त युरोप आणि ब्राझीलमधला एक मोठा अभ्यास छापून आला. रोज घेणाऱ्यांत मनोविकाराच्या पहिल्या झटक्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या तिप्पट आढळली, आणि रोज जास्त टीएचसीचा माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. त्यांनी 'जास्त' कशाला म्हटलंय? १० टक्के आणि वर. तुमच्या खालच्या कप्प्यातली भुकटी सहज त्याच्या पुढे असू शकते.

शिवाय ती कशाची भुकटी आहे ते तरी कुठे ठाऊक आहे? नागपुरात येणारा माल बहुतेक ओडिशा-आंध्राच्या डोंगरपट्ट्यातून रेल्वेने आणि रायपूरच्या रस्त्याने येतो, स्टेशनवर आरपीएफने बॅगा पकडल्याची बातमी तू पेपरात वाचतच असशील. पोत्यात दाबून, ओला-सुका करत आलेला. बुरशी, फवारणी, धूळ, जे काही त्यावर असेल तेही त्याच जाळीतून खाली येतं. चाळणी टीएचसीला ओळखत नाही.

आता जे मला खरं विचारायचं होतं ते. तू लिहिलंस, 'आमची डबी'. क्रशर त्याचं, माल तो आणतो, ओढतो जास्त तोच. मग डबी तुझ्या कपाटात कशी? त्याचं उत्तर तुझ्याच मेसेजमध्ये आहे, तुला दिसलं नाही एवढंच. 'त्याच्या रूमवर चेकिंग होतं, मुलींच्या रूमवर कोणी येत नाही.' माय गं. छोटे, कायद्यात माल कोणी विकत घेतला, कोणी ओढला यापेक्षा कोणाच्या ताब्यात सापडला याला किंमत आहे. कलम ५४ म्हणतं, ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असं गृहीत धरता येतं. कलम ३५ म्हणतं, मनात जाणीव नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. इतर खटल्यांत सरकारला सिद्ध करावं लागतं, इथे ओझं बरंचसं तुझ्या डोक्यावर येतं. तो बाहेर उभा राहून म्हणेल, मला काय माहीत, रूम तिची आहे. म्हणणार नाही असं तुला आज वाटतं. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर असं म्हणणारे पाहिलेत, चांगल्या घरातले, इंजिनीअरिंगला असलेले, तिच्या वाढदिवसाला केक आणणारे. आई-बाप वकील लावतात आणि तो वकील पहिली गोष्ट हीच म्हणायला शिकवतो. मीही त्याच्या बाजूने असते तर हेच शिकवलं असतं.

म्हणून जमवणं हा शब्दच मला खटकतो. एखाद्या संध्याकाळी फुटाळा तलावावर कोणीतरी पुढे केलं आणि तू एक दम मारलास, तर मी रागावले असते आणि विषय संपला असता. रोज थोडं थोडं जमा करून डबीत साठवणं, ती कपाटात लपवणं, कशात घालायची याचा बेत करणं, याला वेळ लागतो, योजना लागते, आणि न्यायाधीशासमोर ते तसंच दिसतं. त्यात शहर पोलिसांचं 'ऑपरेशन थंडर' सुरू झाल्यापासून कॉलेज, हॉस्टेल, पानठेले सगळीकडे नजर आहे. एक पकडला की त्याच्या फोनमधली नावं निघतात. तुम्ही लोक तर डबीचे फोटो पाठवून राहिले एकमेकांना! मला पाठवलास तो फोटो मी डिलीट केला, पण तुझ्याकडून तो आणखी कोणाकोणाला गेला?

जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला थोडा गांजा बाळगता येतो, अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत दुकानं आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं तेव्हा भारतानेही बाजूने मत दिलं. सगळं मान्य. मला विचारशील तर चार-पाच ग्रॅमसाठी पोराला कोर्टात उभं करणं मलाही पटत नाही, आणि संधी मिळेल तिथे मी ते बोलते. पण तो माझा वाद आहे, तू त्याचा पुरावा होऊ नको.

डबीचं काय करायचं? वकील म्हणून मी तुला फार काही सुचवणार नाही. बहीण म्हणून एवढंच की आज रात्रीनंतर ती तुझ्या खोलीत नको, क्रशर नको, गुंडाळायचे कागदही नकोत. त्याला 'पोचवायला' स्कूटीच्या डिक्कीत घालून निघू नको, रस्त्यात सापडलीस तर ताब्यासोबत वाहतूकही आली. आणि पुन्हा ठेवायला दिली तर नाही म्हण. एकदा नाही म्हणून बघ, म्हणजे तो कशासाठी येत होता तेही कळेल.

तुला स्वतःला ते सोडवत नाही असं वाटत असेल तर लाजू नको, मला सांग. न घेता झोप येत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही, यांपैकी काही होतं का बघ. सारखी मळमळ-उलटी होते आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरं वाटतं असं असेल तर ते ॲसिडिटी नाही, जास्त दिवस घेतल्याने होणारा तो एक वेगळाच त्रास आहे, डॉक्टरांना खरं कारण सांगावं लागतं. मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, कोराडी रोडला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. मनोरुग्णालय म्हटल्यावर नाक मुरडू नको, पुण्याचं मुक्तांगणही १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं होतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. यात कायद्याची एक चांगली बाजू आहे जी कोणी सांगत नाही. कलम ६४ अ. व्यसन लागलेल्या माणसाने सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी गुन्हा दाखल झाल्यावरही स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मध्येच सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. म्हणून दाखल्याचे, औषधांचे सगळे कागद जपून ठेवायचे.

आणि हे सगळं व्हायच्या आधीच पोलीस दारावर आले तर? घाबरून पळू नको, कशालाही हात लावू नको, खोटं बोलू नको. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या असं सांगायचा तुला हक्क आहे, कलम ५०, आणि तो हक्क आहे हे त्यांनीच तुला सांगायचं असतं. बाईची झडती बाईच घेईल. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. पंचनाम्यात काय वजन लिहिलंय, पुडीसकट की पुडीशिवाय, ते वाच. न वाचता सही करू नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. आणि पहिला फोन त्याला नाही, मला. रात्री कितीही वाजले असले तरी.